वहिनीसाठी निवडलेली झाडं

मी ज्या माणसाचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे, ते माणूस म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याबद्दल कोणी विचारलं की मी शाळेचं, कॉलेजचं, शिक्षकांचं नाव घेतो, आणि ते खोटं नाही. पण वहिनी नसती तर त्या कॉलेजची पायरी मी चढलोच नसतो.

आमचं गाव रोह्याकडच्या खांब गावापासून आतल्या बाजूला. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो आणि आई आधीच गेली होती. मी बारावी झालो तेव्हा भावाने मला रोह्याला, तो कामाला होता त्याच कंपनीत, हेल्पर म्हणून लावायचं जवळजवळ ठरवलं होतं. साहेबांशी बोलणंही झालं होतं. जेवताना त्याने ते सांगितलं. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "कंपनी काय उद्या उठून जात नाय. त्याला शिकू दे."

"मग शेतात कोण?"

"मी काय पावणी हाय इथली?"

भाऊ हसला आणि तो विषय तिथेच संपला. पुढे माझ्या वाटची लावणी, कापणी, झोडणी तिने केली. परीक्षेच्या दिवसांत मी रोह्यात मित्राच्या खोलीवर राहायचो, तेव्हा ती दुधाच्या टेम्पोतून डबा पाठवायची. डब्याच्या फडक्याला कधी कधी अबोलीचं फूल चिकटलेलं असायचं. फुलं ओवता ओवता मध्येच उठून तिने डबा भरलेला असायचा.

घरामागे मोरीच्या पाण्यावर तिने अबोली वाढवली होती. कडेला मोगरा, आणि संडासाच्या भिंतीवर चढलेली जुई. संध्याकाळी गावातल्या तीन-चार जणी तरी तिथे असायच्या. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात वेण्या ओवल्या जायच्या. कोण कोणाच्या सासूबद्दल काय बोललं, हे सगळं त्या अबोलीच्या ताटव्याशी कळायचं. फूल नेताना विचारायची पद्धत नव्हती. वहिनी फक्त ओरडायची, "कळ्या ठेवा गो, उद्याला काय दगड माळाल?"

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला. हृदयविकाराचा झटका, शिफ्टवरून घरी आल्यावर. मूलबाळ नाही. मी आता पेणला एका शाळेत विज्ञान शिकवतो. तिथेच रामवाडीला आम्ही छोटं घर बांधलं. पुढे थोडी मोकळी जागा, हायवेच्या बाजूला कंपाउंड आणि फाटकावर वेल चढवायला लोखंडी कमान. मी आणि बायकोने ठरवलं, की वहिनीला इथेच आणायचं. ती दर वेळी म्हणायची, "बघू. भात होऊ दे." मग, "वाल होऊ दे." ती खरंच येणार की गावातच एकटी राहणार, याची मला मनातून काळजी होती. त्या घरात संध्याकाळी तिच्याशी बोलायला कोणी नसतं, हे मी फोनवरच्या तिच्या आवाजावरून ओळखत होतो.

शेवटी ती म्हणाली, की गणपती झाले की चार दिवस येते, घर बघते, मग सांगते.

त्या चार दिवसांसाठी आम्ही बाग केली. तिला झाडं आवडतात, दारात हिरवं दिसलं की ती रमेल, असा सरळ हिशोब होता. पावसाने उघडीप दिली त्या रविवारी आम्ही हायवेवरच्या नर्सरीत गेलो. हमरापूरकडून गणपती भरलेल्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या आणि नर्सरीवाला त्यांच्याकडे बघत आमच्याशी बोलत होता.

"मोगरा घ्या साहेब. मदनबाण आलाय, घरात वास मावणार नाय."

"नको," मी म्हणालो.

"बरं, साधा मोगरा घ्या."

"नको," बायको म्हणाली.

त्याने आता आमच्याकडे पाहिलं. "पंधरा वर्षं धंदा करतोय. मोगऱ्याला नाय म्हणणारं जोडपं पहिलंच. भांडण झालंय का घरात?"

"भांडण झालं असतं तर दोघांनी दोन नेले असते," बायको म्हणाली.

तो हसला, पण नेमकं कारण आम्ही त्याला सांगितलं नाही. खरं तर एकमेकांनाही ते शब्दांत सांगितलं नव्हतं. सासूबाई, म्हणजे बायकोची आई, फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या येणारेत ना, मग जरा बघून लावा." तेवढं पुरे होतं. आमच्याकडे नवरा गेलेली बाई फूल माळत नाही. हल्ली कोणी तोंडाने सांगत नाही, पण माळतही नाही. रोज सकाळी दार उघडलं की समोर मोगरा, अबोली, जुई. तिने ती बघायची आणि हात लावायचा नाही. असं तिच्या वाट्याला यायला नको, असं आम्हा दोघांना वाटलं.

मग आम्ही प्रत्येक झाड त्याच चाळणीतून काढलं. हायवेच्या बाजूला कण्हेर, कारण धूळ सोसते आणि गुरं तोंड लावत नाहीत. फाटकाच्या डाव्या हाताला पांढरी तगर, ती देवाला चालते. लाल जास्वंद दोन, तीही देवाला. अनंताचं झाड मला फार आवडलं होतं, चकचकीत पानांचं. बायकोने फुलाचा वास घेतला, ते केसांजवळ नेलं आणि परत खाली ठेवलं. वेलींत जाई, जुई, चमेली बाद. गोकर्ण निळी असते म्हणून चालली. कमानीवर काय, यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि शेवटी बोगनवेल घेतली. रंग भरपूर, वास नाही, आणि तिची वेणी कोणी करत नाही. लसूणवेल देऊ का, असं नर्सरीवाल्याने विचारलं. तिची जांभळी फुलं सुंदर असतात. पण पानं चुरडली की लसणाचा वास येतो हे ऐकल्यावर बायको म्हणाली, "स्वयंपाकघरात आहे तेवढा बस."

बाग चांगली झाली. मी जमिनीत पाणी साचू नये म्हणून वाफे उंच केले, रेती मिसळली. वहिनी आली तोवर जास्वंदीला फूल धरलं होतं आणि गोकर्ण तारेवर पसरली होती. तिला घ्यायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. एसटी आत वळताना बायकोने केसांतला गजरा काढून रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. मी ते पाहिलं आणि मला ती समंजस वाटली.

वहिनी एका हातात वालाची पिशवी आणि दुसऱ्या हातात घरच्या तांदळाची पिशवी घेऊन उतरली. चारचौघांत ती मला 'भावजी, तुम्ही' म्हणते. घरात पाऊल टाकलं की 'तू'. फाटकातून आत येताच तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि बागेतून एक फेरी मारली. प्रत्येक झाडाशी थांबली. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा होता, तो तिने चिमटीने काढला. बोगनवेलीखाली ती वर बघत उभी राहिली.

"छान हाय," ती म्हणाली. "हॉटेलासारखं."

दोन दिवस बरे गेले. ती सकाळी झाडांना पाणी घालायची, बायकोशी बोलायची, शेजारच्या घरी जाऊन आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होतो. तिचा हात आमच्यापेक्षा दुप्पट चालत होता. मध्येच ती बायकोला म्हणाली, "गो, तुमच्या बागेत सगळं हाय. वेणीचं एक झाड नाय."

"हायवेची धूळ असते ना ताई," बायको म्हणाली.

"धूळ काय मोगऱ्यालाच शोधत येते? तगरीवर बसत नाय ती?"

ती सोलत राहिली.

"माझ्यासाठी ना?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणालो.

"व्हय. तिकडं पण तेच चाललंय." तिने सालं एका बाजूला सारली. "तुझा भाऊ गेला, पहिले काय दिवस कोण फुलाला आली नाय. मी म्हटलं, बरोबर हाय, सुतक हाय. मग श्रावण आला. कोण नाय. गौरी आल्या, तेव्हा पण कोण नाय. अबोली झाडावर सुकून काळी पडते. एक दिवस ती पलीकडच्या घरातली सून जात होती, तिला मी हाक मारली. ने गो फुलं. तर म्हणते, नको काकी, मला वासाने डोकं दुखतं." ती जरा हसली. "अबोलीला वास असतो काय रे? तू शिकलेला हायस, सांग."

"नाही," मी म्हणालो.

"आता माझ्या हातचं फूल घ्यायला भितात, की मला वाईट वाटेल म्हणून घेत नाहीत, मला कळत नाय. कळून करायचं काय? संध्याकाळी घरामागं कोण येत नाय, एवढं खरं. म्हटलं पेणला मला कोण ओळखत नाय. दारात अबोली लावीन, जाणारी-येणारी दोन फुलं मागेल. हिला रोज एक वेणी करून देईन."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाटी तशीच धरून बसली. मी म्हणालो, "उद्या आणतो. मोगरा, अबोली, जाई, तू सांगशील ते."

"आता मी बोलले म्हणून आणशील," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "राहू दे. बाग चांगली हाय."

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्या पंधरवड्यात लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी आहे, असं कारण तिने दिलं. इथे राहायला येणार का, हे मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. स्टँडवरून परत आल्यावर बायको फाटकातच थांबली. म्हणाली, "आपण सगळं त्यांच्यासाठी केलं, फक्त त्यांना विचारलं नाही." मग तिने पर्समधला तो रुमाल उघडला. गजरा सुकून पिवळा झाला होता.

फोनवर हे बोलता आलं नसतं. वहिनी फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलते आणि शेजारचे ऐकत असतात. ती सातवी शिकलेली आहे, सावकाश पण नीट वाचते. म्हणून मी पत्र लिहिलं. तीनदा लिहावं लागलं, पहिल्या दोन्ही वेळी ते फार शहाण्यासारखं झालं होतं. तिने पत्राने उत्तर दिलं नाही. कापणी झाल्यावर स्वतःच आली, आणि तेव्हापासून भाताचे नि वालाचे दिवस तिकडे, बाकीचे इकडे, असं तिचं चाललं आहे. गावातल्या घराला कुलूप लावायला ती अजून तयार नाही, आणि तो विषय आम्ही काढत नाही.

तिला पाठवलेलं पत्र असं होतं.

वहिनी,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. इकडे आम्ही बरे आहोत.

तू ओट्यावर जे बोललीस त्यावर मी 'उद्या आणतो' एवढंच म्हणालो. आता लिहितो. झाडं निवडताना आम्ही प्रत्येक झाडापाशी एकच विचार केला, की हे फूल तुला चालेल का. तुला काय आवडतं हा विचार एकदाही केला नाही. तू माझी वहिनी आहेस हे मला माहीत होतं, पण नर्सरीत उभा असताना मी तुला फक्त दादा गेल्यानंतरची बाई म्हणून पाहत होतो. गावातल्या बायकांनी केलं तेच आम्ही केलं, आणि वर त्याची बाग केली. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण तू म्हणशील की एवढं काय झालंय. म्हणून फक्त सांगतो.

हिने तुला घ्यायला येताना गजरा काढून ठेवला होता. ते तुला सांग, असं तीच म्हणाली. यापुढे काढणार नाही, असंही म्हणाली.

मी बोगनवेल काढून शेजाऱ्यांना दिली. तू बोललीस म्हणून काढली, हे खरं आहे. तुझं म्हणणं ऐकून काही करू नये असं तुला का वाटतं? मी कॉलेजात गेलो तोही तू बोललीस म्हणूनच.

फाटकापाशी दोन खड्डे आणि पुढच्या भिंतीलगत चार खड्डे खणले आहेत. शेणखत घातलं आहे. रोपं आणलेली नाहीत आणि तू येईपर्यंत आणणार नाही. कमानीवर जाई चांगली की जुई, यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही. भिंतीला सकाळचं ऊन दहापर्यंत असतं, नंतर सावली. इथलं बोअरिंगचं पाणी जरा खारट आहे, ते मोगऱ्याला चालेल का तेही मला माहीत नाही. अबोली तुझ्या घरामागचीच हवी, असं हिचं म्हणणं आहे.

फुलं तू माळायची की नाही, हे तू ठरव. आम्ही आग्रह करणार नाही आणि आडही येणार नाही.

भात झालं की ये. राहायचं किती ते आल्यावर बघ. येशील तेव्हा एक दिवस आधी कळव, मी शाळेतून लवकर सुटून स्टँडवर येतो.

तुझा दीर