कुंडलिक आणि ‘राजा’चं गाणं

हिर्डोशीचा कुंडलिक बावीस वर्षं वरंधा घाटातल्या रस्त्यावर मजूर आहे. कॅमेरा दिसला की तो तोंड फिरवतो. एकदा दरड उपसताना कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि महिन्याभरात तो एका पुढाऱ्याच्या फलकावर झळकला. खाली लिहिलं होतं, ‘आमचं काम बोलतं.’

म्हणून गेल्या श्रावणात दरडीमुळे अडकलेल्या गाडीतून गिटारवाली पोरं उतरली, तेव्हा त्यानं पाठ फिरवली. त्यांच्यातल्या अमृतनं विचारलं, “काका, पहारीचा आवाज घेऊ का?”

“आवाजच ना? घे.”

दिवाळीत सून वर्षाराणीनं मोबाईलवर गाणं लावलं. आधी पहारीचा खणखणाट, मग ढोलताशासारखा दणका, आणि अमृत ओरडत होता, ‘तू दगड फोड, राजा, आम्ही गाडी पळवू!’

“मामंजी, तुमचाच आवाज हाय!” सून हरखली. कुंडलिकनं गाणं तीनदा ऐकलं. हा सलाम की चेष्टा, काही कळेना. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर मात्र सगळे त्याला राजा म्हणायला लागले. “राजे, आज किती दगडं फोडली?”

भोरच्या कॉलेजात त्या पोरांचा कार्यक्रम आहे असं कळल्यावर त्यानं खाडा केला आणि सकाळची एसटी धरली. मंडपामागं अमृतला गाठलं.

“राजा कशापायी म्हनलास?”

अमृत गडबडला. “काका, टोमणा आम्हाला आहे. तुम्ही राबता, आम्ही नुसते गाडीतून जातो.”

“टोमना तुमाला, अन् हसत्यात मला.”

अमृत म्हणाला, “स्टेजवर चला. तुमची ओळख करून देतो.”

“म्या न्हाई येत. नाव घ्यायचंच तर भिमाचं घे. माज्या संगं घाटात कामाला व्हता. वरनं धोंडा आला, त्यो जागच्या जागी गेला. त्याचं नाव कुठंच न्हाई.”

दुपारी गाण्याआधी अमृतनं घाटातली ती हकिकत सांगितली आणि भिमाचं नाव दोनदा घेतलं. कुंडलिक स्टेजच्या बाजूला खांबाला टेकून उभा होता. तो स्टेजकडे बघतच नव्हता. ऐकणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यांवरून त्याची नजर फिरत होती, कोण हसतंय का म्हणून. कुणी हसलं नाही. मग पहारीचा आवाज सुरू झाला आणि सगळी पोरं नाचायला लागली.

गाणं संपलं तसा अमृत हात पुढं करून आला. कुंडलिकनं त्या हाताकडे पाहिलं, पण आपला पुढं केला नाही.

“नाव बराबर घेतलंस,” तो म्हणाला. “फुडच्या टायमालाबी घेतोस का, त्ये बघतो.”

आणि तो स्टँडकडे चालू लागला.