व्हर्नाचे दोन डबे

ॲडलेडमधल्या आमच्या रस्त्यावर सायकलवाल्यांना सगळ्यात जास्त शिव्या कुणी घातल्या असतील तर लिंडसेनं. चौतीस वर्षं सिटी बस चालवली त्यानं. "घरी आया नाहीत का रे तुम्हाला?" असं खिडकीतून ओरडायचा आणि मागचे प्रवासी हसायचे. शहात्तराव्या वर्षी डोळ्यांपायी लायसन्स गेलं, आणि हाच लिंडसे नारिंगी तीनचाकी सायकलवरून आमच्या दारासमोरून जायला लागला. झडप घालणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांनी टोचू नये म्हणून हेल्मेटवर प्लास्टिकच्या काड्या उभ्या, मागच्या टोपलीत बायकोचा स्वेटर.

"दोन चाकांची का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"मी सहा चाकांचा माणूस. तिनावर आलोय, अजून किती खाली उतरवतेस!"

बायको मर्ल तीन किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात. तिला आता फारसं काही आठवत नाही, पण घड्याळ कळतं. दहाचा चहा ती लिंडसेबरोबरच घेते. दहा वाजून गेले की त्याच्या बसला अपघात झाला असं तिच्या मनात बसतं. मग ती कप ढकलते आणि दिवसभर अन्नाला शिवत नाही.

कौन्सिलनं सहा महिन्यांच्या बोलीवर रस्त्याच्या कडेला खांब रोवून सायकलींसाठी वेगळी पट्टी काढली, तेव्हा सगळ्यात खूश झाला तो लिंडसेच. पण गुरुवार कचऱ्याचा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळ्यांनी आपापले चाकांचे डबे कडेला, म्हणजे बरोबर त्या पट्टीतच, आणून उभे केले. लिंडसेला ट्रकांच्या रांगेत शिरावं लागलं. एका गाडीचा आरसा कोपराला घासून गेला, तसा तो परत फिरला. त्या दिवशी मर्ल उपाशी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तो दारोदार. डबे उचलणारा कचरागाडीचा लोखंडी हात पट्टी ओलांडून घरांपुढच्या हिरवळीपर्यंत पोचतो, हे त्यानं ड्रायव्हरला विचारून पक्कं केलं होतं. रस्त्यावरच्या सगळ्यांनी डबे मागे घेतले. फक्त चौदा नंबरच्या व्हर्नानं नाही. त्यानं ते स्वतः सरकवले, तर ती गाऊनवर बाहेर आली आणि पुन्हा पट्टीत ढकलून गेली.

"माझ्या डब्यांना हात लावायचा नाही, लिंडसे."

"अगं, पण का?"

"एक्क्याण्णव साल. आईचा वाढदिवस. हातात केक, पायात नवे बूट. तुझ्या बसमागे पोस्टापर्यंत धावले मी. तू आरशात बघितलंस माझ्याकडे. आणि गेलास!"

"वेळापत्रक होतं गं बाई."

"आता माझं आहे. दर गुरुवारी दारात थांबायचं, घंटी वाजवायची. एकदाच. मी येईन तेव्हा येईन, मग सरकवीन."

"आणि मर्लचा चहा?"

"लवकर निघ की! ड्रायव्हर ना तू?"

लिंडसे संतापानं लाल झाला. पण या ओढाताणीत सहा महिने संपत आले होते. पुढच्या गुरुवारी कौन्सिलची बाई पाहणीला येणार होती. कचऱ्याच्या दिवशी पट्टी अडलेली दिसली, तर खांब उपटून नेणार होते.

त्या गुरुवारी मी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं बाहेरच उभी होते. नऊ वीसला लिंडसे चौदा नंबरसमोर थांबला, घंटी वाजवली. एकदाच. नऊ तीस झाले. आतून मिक्सरचा आवाज. नऊ चाळीसला कौन्सिलची बाई कागद-पेन घेऊन हजर.

"काय झालं, आजोबा? अडलंय का काही?"

लिंडसेनं डब्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या शिव्या ओठांवर आलेल्या मला इथून दिसत होत्या. "अडलं नाही," तो म्हणाला. "एक प्रवासी यायचीय."

नऊ सत्तेचाळीसला व्हर्ना आली. टोपी, लिपस्टिक, हातात पत्र्याचा डबा. आधी तिनं कचऱ्याचे दोन्ही डबे शांतपणे हिरवळीवर नेले, मग तो पत्र्याचा डबा त्याच्या टोपलीत ठेवला.

"केक आहे. मर्लला दे. आणि वळणावर जरा हळू, तू नेहमीच जोरात घ्यायचास."

कौन्सिलच्या बाईनं मोकळी पट्टी बघून कागदावर बरोबरची खूण केली. लिंडसे असा सुटला की हेल्मेटवरच्या काड्या मागे झुकल्या.

तरी पोचायला दहा वाजून चार मिनिटं झालीच. मर्लनं कप ढकललेला, तोंड भिंतीकडे. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

"उशीर झाला," तो म्हणाला. "एक बाई मागे राहिली होती. तिच्यासाठी बस थांबवली."

मर्लनं सावकाश मान वळवली.

"तू?" ती म्हणाली. "थांबवलीस?"

आणि इतकी हसली, इतकी हसली, की नर्स धावत आली. मग तिनं कप जवळ ओढला आणि केकचे दोन तुकडे खाल्ले.

खांब अजून जागेवर आहेत. व्हर्ना दर गुरुवारी डबे पट्टीतच आणून ठेवते आणि त्याच्या नऊच्या घंटीला सरकवते. लिंडसे आता पावणेनऊलाच येतो आणि नऊ वाजेपर्यंत तिच्या दारात थांबतो.