बसकी वाटी

चमचा लागला, पण वाटी खणखणली नाही, थड् वाजली. आणि मी चिकपेटच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन पोचले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अप्पा काशाच्या सहा वाट्या घेत होते. काशाची वाटी वाजवूनच घ्यायची. चीर असली की आवाज बसका येतो.

"सुमी ऐकेल. अक्काला सूर कळत नाही," अप्पा दुकानदारासमोर म्हणाले.

माझी धाकटी बहीण डोळे मिटून वाट्या निवडत होती आणि मी जळत होते. तिनं नको म्हणून बाजूला काढलेली एक बसकी वाटी मी गुपचूप निवडलेल्या एकीच्या जागी सरकवली.

जेवताना नेमकी तीच अप्पांसमोर आली आणि थड् वाजली. त्यांनी सुमीकडे पाहिलं, सुमीनं माझ्याकडे.

"माझंच चुकलं, अप्पा," सुमी म्हणाली.

तिच्या सुराचा हेवा पुढे विरला. त्या तीन शब्दांचा मात्र अजून वाटतो.