शेठचा डबा अन् गुरुजींची पिशवी

सांगा बरं, या भानगडीत शेवटी कोण सापडलं? नाही सांगता येणार, लावा पैज. भाच्याच्या दुकानात मी नुसता चहाले जाऊन बसतो, अन् किस्से असे साचतात की एक सांगायले गेलो की मागचे चार ढकलत येतात.

भाचा म्हणजे दिलीप. आमच्या शनवारा चौकात त्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान नवंच टाकलेलं, गिऱ्हाईक काही फिरकेना. एक दिवस फोपनारचे प्रभाकरशेठ आले, केळीचे व्यापारी. कॉम्प्युटरचा जुना डबा टेबलावर आदळला. "सिस्टम नवी टाक. संध्याकाळपर्यंत उठला तर माझ्या ऑफिसची सगळी मशिनं तुझ्याकडं. नाहीतर खंडव्याचा दुरुस्तीवाला आहेच."

दिलीपनं लगेच डबा पुढं ओढला.

*

सीडी घालायचा खण बिघडलेला, म्हणून पेनड्राइव्ह लावला. दिसेचना.

"मामा, मशीन पहचानही नहीं रही."

मी पेनड्राइव्ह उलटा करून पाहिला, तर तोंडात हळद! माझी बहीण, म्हणजे दिलीपची आई, कोणतीही नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय दुकानात येऊ देत नाही. मी म्हटलं, "आक्के, हळद लागली त्याले, आता लाजून राहिला तो."

दात घासायच्या ब्रशनं पुसला. दिसला.

*

दिसला, पण मशीन त्याच्यावरून सुरू होईना.

"टाकलं काय त्यात?"

"फाइल कॉपी केली ना, मामा."

"येड्या, कणकीचा डबा तव्यावर ठेवून पोळी होते का?"

मग त्यानं मशीन त्यावरून सुरू होईल असा पेनड्राइव्ह नीट तयार केला.

*

आता मशीन चालू होता होता एक बटण दाबायचं, म्हणजे ते पेनड्राइव्हकडं वळतं. दिलीप दाबे, मशीन ऐकेना. शेठ तिथंच ठाण मांडून बसलेला, म्हणे, "सरक, मी दाबतो."

मी म्हटलं, "शेठ, थांबायचं नाही बरं. दाबतच राहायचं."

शेठ टकटक, टकटक. तेवढ्यात लाईट गेली. मी गप. दिलीपले डोळा मारला, तोही गप. शेठ घामाघूम, काळ्या स्क्रीनकडं पाहत टकटक. आक्का चहा घेऊन आली अन् म्हणे, "शेठ, लाईट नाही ना."

*

लाईट आली तेव्हा दिलीपच्या डोक्यात उजेड पडला. "मामा, सुरुवातीले या मशीनले आपला चपट्या पिनवाला नवा कीबोर्ड दिसतच नाही. डबा पुराना है ना. गोल पिनवाला पाहिजे."

तसला भास्कर गुरुजींकडं होता. रिटायर मास्तर, कविता करतात. त्यांना येताना पाहून लोक गल्ली बदलतात. फोन मीच लावला, जरा बाहेर जाऊन.

गुरुजी दोन पिशव्या घेऊन आले. "कीबोर्ड देतो. पण उठलं तर ज्याचं मशीन, त्यानं माझ्या कविता ऐकायच्या."

शेठ हसला. "कबूल. सगळ्या ऐकीन. हा डबा काय उठतो?"

दिलीपनं गोल पिन मागं खुपसली, मशीन चालू केलं, बटण दाबलं. काळं झालं, मग निळं, मग इंग्रजी अक्षरं. मले काही वाचता येत नाही, पण दिलीपनं आक्कालेच उचललं तेव्हा कळलं.

शेठ दिलदार माणूस. म्हणाला, "उद्या गाडी पाठवतो, बाकीची मशिनं घेऊन ये." अन् चप्पल शोधायले लागला.

गुरुजींनी हात धरून त्याले खाली बसवलं. "कुठं निघालात? आत्ता कुठं सिस्टम दोन टक्के भरलीय."

दिलीपनं शटर अर्धं खाली ओढलं. आक्कानं पुन्हा चहा ठेवला. गुरुजींनी वह्यांनी फुगलेली दुसरी पिशवी मांडीवर घेतली, चष्मा पुसला.

"लहानपणापासून सुरू करू," म्हणाले.