घडीतली चारी

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. उभी नोकरी मी नकाशांच्या प्रती काढल्या. दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. साठी उलटल्यावर स्वतःची चार वाक्ये मांडताना हात अवघडतो. पण ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

ते सोलापुरातल्या आमच्या पाटबंधारे कचेरीचे पाटकरी होते. कालव्याचे पाणी पाळीपाळीने शेतांना सोडायचे, हे त्यांचे काम. अक्षरओळख नव्हती. परंतु कापडावर डकवलेला इंग्रजी अमलातला जुना नकाशा मी टेबलावर उलगडला, की ते चपला दाराशी काढून आत येत, कालव्याच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवीत आणि ते सदऱ्याला पुसत.

"भिजलं की, भाऊसाहेब!"

एकदा मी नकाशावर चहाचा कप ठेवला.

"उचला, उचला! आमच्या पावन्याची ज्वारी हाय तितं."

शेवटी त्यांचे बोट नेहमी घडीपाशी थांबे. कालव्यातून त्यांच्या शेताला पाणी नेणारी चारी तिथे होती, केसाएवढी. "हितं येस्तोवर पाणी लई दमतंय बघा. पर येतंय."

मी हसत असे. इतक्यांदा ते बोट पाहिले. बोटाखालची रेघ कधी पाहिली नाही.

नकाशा जीर्ण झाला, तेव्हा नवी प्रत मीच काढली. घडीवरची ती फिकट रेघ मला घडीचीच वाटली. प्रत मंजूर झाली आणि मूळ नकाशा निर्लेखित होऊन रद्दीत गेला.

ते निवृत्त झाल्यावर वरच्या शेजाऱ्याने चारी नांगरून टाकली. ते अर्ज घेऊन आले. साहेबांनी माझी प्रत पसरली.

"मामा, नकाशात चारीच नाही."

"न्हाय कशी? ह्या हातानं पाणी सोडलंय की!" ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुमी सांगा. व्हती का न्हाय?"

त्या क्षणी मला माझी चूक कळली. मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

त्यांनी कोऱ्या जागेवर बोट फिरवले. सवयीने ते सदऱ्याकडे नेले आणि मध्येच थांबले.

"कोरडंच हाय," एवढे म्हणून ते गेले.

पुढे ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसत, असे ऐकले. मी त्या रस्त्याने जाणे टाळले. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. शेत पडीक आहे.

त्या दिवशी मी नुसते 'होती' म्हणालो असतो, तर माझे काय बिघडले असते?