नवाबच्या सुईआधीचा घास

महिना उलटला, तरी फोनवरचा तो आवाज कानातून जात नाही. कन्नडच्या बाजारात मी मेथीची जुडी निवडत होतो आणि शहरातल्या औरंगपुऱ्यातून आक्काच्या शेजारच्या नसीमभाभी रडत सांगत होत्या, "भय्या, आक्का गुजर गए... जल्दी आव. नवाब भी सुबह से कुछ खा रा नै." माझी थोरली बहीण गेली आणि या बाईला कुत्र्याचं पडलंय, म्हणून मला भयंकर राग आला.

नवाब म्हणजे आक्काचा म्हातारा पांढरा कुत्रा. तिला मूलबाळ नव्हतं; भाऊजी गेल्यावर घरात ती आणि तो, दोघंच. नखरे नावाला साजेसे. आक्का ताटावर बसल्याशिवाय हा भांड्याला तोंड लावत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. नुसता मधुमेह असता तर निभलं असतं, पण मूत्रपिंडंही थकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लावलं आणि बजावलं, मूत्रपिंडामुळे याची भूक मेलीय, तरी पोटात काही गेल्याशिवाय सुई द्यायची नाही. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतेल. सुया चुकत राहिल्या तरी बेतेलच.

इथं आली पंचाईत. आक्काचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या... सगळे निरंकार उपास, चहासुद्धा नाही, आमच्या आईपासून चालत आलेले. आक्का उपाशी म्हणजे नवाब उपाशी, म्हणजे सुई नाही. पहिल्याच सोमवारी तिनं देवापुढं हात जोडले आणि सकाळी सातला भाकरी घेऊन त्याच्याशेजारी खाली बसली.

मला कळलं तेव्हा मी टाकून बोललो. "कुत्र्यापायी आईचे उपास मोडलेस?"

ती भाकरी कुस्करत म्हणाली, "आई असती तर तिनंबी मोडले असते. तुला नाय कळायचं. तू कधी कुणासंग बसून जेवतोस व्हय?"

ते मला लई झोंबलं, कारण खरं होतं. बायको गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास ढकलतो. त्या बोलण्यानंतर आक्काकडे गेलो की नुसत्या चहावर निघायचो. शेवटच्या भेटीत तिनं माझंही ताट वाढलं होतं. मी म्हणालो, एसटी चुकेल... कन्नडला काय, एसटी मिळतच राहते.

तिला अग्नी देऊन तिच्या घरी आलो. चूल पेटवायची नव्हती. नसीमभाभींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली. नवाब मान टाकून पडला होता. सकाळची सुई चुकली होती, संध्याकाळचीही वेळ होऊन गेली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "काही करून खाऊ घाला." मी भांडं पुढं सरकवलं, चुचकारलं, ओरडलोसुद्धा. त्यानं तोंड फिरवलं. शेवटी ताट घेऊन मीच जमिनीवर बसलो. पण त्याला दिसत नाही, निदान ऐकू जावं म्हणून आवाज करत भाकरी चावत राहिलो. बऱ्याच वेळानं तो उठला, भांडं हुंगलं आणि खायला लागला. मला सुई जमत नव्हती; ती नसीमभाभींनी दिली.

आता नवाब कन्नडला माझ्याकडे असतो आणि सुई मला जमते. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी ताट घेऊन खाली बसतो. पहिला घास मलाच घ्यावा लागतो, नाहीतर तो थांबून राहतो. अजून एकदाही भूक लागली म्हणून जेवलो नाही, आक्का. त्याला सुई द्यायची असते, म्हणून जेवतो.