धूर कुठे गेला?

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही, म्हणून असेल. आणि एक आधीच सांगतो — ते दिवस फार मजेचे होते. कबुली द्यायची म्हणून ते दिवस मी रडके करून सांगणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. माझ्या बायकोच्या मामांची, नानांची, रावेरजवळ केळीची बाग होती. नाना आमच्याहून बरेच मोठे. पण मैत्रीत वय मध्ये येऊ द्यायचे नाहीत. रविवारी दुपारी आम्ही चार-सहा जण त्यांच्या बागेतल्या पंपघरासमोर जमायचो. केळीची गार सावली, पाटातून वाहणारं पाणी, कापलेल्या घडांचा तो चिकट वास — आणि मध्ये सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या बाटल्या.

आम्ही प्यायचो कमी, बोलायचो जास्त. खरंच. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि मग त्याच्यावर भांडायचं. घरी मुलंबाळं ऐकतील म्हणून प्रत्येक व्हिस्कीला आम्ही टोपणनाव ठेवलं होतं. एक होती ‘मावशी’ — गोड, जरा जास्तच गोड. एक ‘जावई’ — सुरुवातीला नरम, नंतर डोक्यावर बसणारी. आणि एक ‘हेडमास्तर’ — घशातून उतरताना छडी मारल्यासारखी. आज कोण आलंय? हेडमास्तर आणि मावशी! चारचौघांत असं बोललं तरी कुणाला शंका यायची नाही. नाना सगळं ऐकून खुशीत मान हलवायचे. म्हणायचे, “मले त सगळ्या सारख्याच लागता. पण तुमचं भांडण आयकाले मजा येते.”

या मंडळीत मी जाणकार समजला जायचो. का? मला बोलता यायचं म्हणून. बार्ली, पिंप, ओकचं लाकूड — पुस्तकातून वाचलेलं मी असं सांगायचो की जणू स्कॉटलंडला माझं आजोळ आहे. जीभ माझी बेताचीच होती. हे मला ठाऊक होतं. इतरांना नव्हतं.

मग भास्कर आला.

भास्कर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मूळचा साक्रीकडचा, धुळ्याहून बदली होऊन जळगावला आलेला. माझ्याच बोळात राहायचा. मीच त्याला पहिल्यांदा बागेत घेऊन गेलो. त्यानं पहिल्याच रविवारी सोडा बाजूला ठेवायला लावला, मडक्यातलं पाणी मागितलं आणि भरीत-पुरीला आधी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. समोर वांगी भाजली जातायत आणि हा आम्हाला उपाशी बसवतोय! पण डोळे बांधून दिलेला प्रत्येक पेला त्यानं बरोबर ओळखला. प्रत्येक. एकदा तर म्हणाला, ही मावशीच आहे, पण बाटली उन्हात राहिलीय. नानांनी कपाळाला हात लावला — बाटली आठवडाभर जीपमध्ये पडून होती.

त्याची एक गंमत होती. एरवी तो आमच्याशी नीट पुस्तकी मराठीत बोलायचा. पण जिभेची पक्की खात्री पटली की त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघायची. ती निघाली की आम्ही समजायचो — झालं, आता वाद नको.

मला त्याचा हेवा वाटला का? वाटला. पण त्याहून जास्त आनंदच वाटायचा, यावर विश्वास ठेवाल का? त्याच्यामुळे त्या रविवारांना खरी चव आली होती.

त्याच सुमारास नानांचा पुतण्या परदेशातून आला आणि त्यानं नानांना एक स्कॉच दिली. सिंगल माल्ट! आमच्यापैकी कुणी तोवर ती नुसती पाहिलीही नव्हती. नानांनी बूच काढलं आणि बाटली सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. फक्त वास. भास्करनं डोळे मिटले आणि म्हणाला, “धूर आहे. लोहाराच्या भट्टीजवळ ओलं पोतं ठेवलंय.” आम्ही हसलो, पण पुन्हा हुंगलं तेव्हा प्रत्येकाला ते ओलं पोतं सापडलं. केळीचा माल ट्रकात चढला की मोठी मैफल करायची आणि तेव्हाच ती प्यायची, असं ठरलं. घरात तरणी मुलं संपवतील म्हणून नानांनी बाटली सांभाळायला दिली — माझ्याकडे.

आता तुम्हाला अंदाज आला असेल. पण मी चोर नव्हतो हो — म्हणजे सुरुवातीला नव्हतो. मैफलीत चार वाक्यं बरी बोलता यावीत म्हणून मी एक झाकणभर चाखली. अभ्यास म्हणून. काय सांगू तुम्हाला! जिभेवर आधी मध, मग मीठ, मग तो धूर — आणि घोट उतरून गेल्यावरही धूर रेंगाळत राहिलेला. माझ्या बेताच्या जिभेलाही कळलं. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा झाकणभर. मग सवयच लागली. बायको म्हणाली, “खोकल्याचं औषध सुरू केलंय का?” मी हो म्हणालो. इतका आनंद मला त्याआधी कुठल्याच बाटलीनं दिला नव्हता. एका संध्याकाळी उजेडात धरून पाहिलं तर बाटली निम्म्याहून खाली गेलेली.

मी ती हेडमास्तरनं भरून काढली. रंग जमला. धूर मात्र पातळ झाला होता. मग मला वाटलं — मी रसायनशास्त्राचा माणूस, धूर काय, आणता येईल. बाभळीचा कोळसा धुऊन मी त्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी गाळला. वास घेतला — होता तोही गेलेला! कोळसा वास शोषून घेतो, हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला शिकवत होतो. त्या सकाळी मी स्वतःवरच इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हाच नानांकडे जाऊन सांगायचं होतं. नाना हसले असते. भास्कर तर लोळला असता. वर्षभर ‘कोळसा सर’ म्हणून चिडवलं असतं मला — बस, एवढंच. मग का नाही सांगितलं?

मैफलीच्या दिवशी नाना भलतेच खुशीत होते. माल चांगला गेला होता. मी उभा राहून भाषण केलं, पेले भरले. सगळ्यांनी घोट घेतला आणि माना डोलावल्या. वा! काय चीज आहे! मला सुटल्यासारखं झालं. भास्कर मात्र पेला नाकाशी धरून बसला होता.

“सर,” तो म्हणाला, “धूर कुठे गेला?”

मी म्हणालो, बूच उघडं राहिलं की वास उडतो. त्यानं एक घोट घेतला, आणि मग तो नानांकडे वळला.

“हाई ती नही शे, नाना.”

ही ती नाही. अहिराणी निघाली होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले — संशयानं नाही हो, उत्तरासाठी. आणि मी हसलो. म्हणालो, इंजिनिअरसाहेब, आपल्या जिभेला अजून विलायतेची सवय नाही. परीक्षा घेऊ या. नानांच्या उपरण्यानं मी त्याचे डोळे बांधले. एका पेल्यात त्या बाटलीतलं ओतलं, दुसऱ्यात हेडमास्तर. मला माहीत होतं तो काय म्हणेल. मला माहीत होतं, म्हणूनच मी ती परीक्षा काढली.

त्यानं दोन्ही चाखले. सावकाश. म्हणाला, “दोन्हीत हेडमास्तर आहे.”

अगदी बरोबर होतं. आणि पंपघरासमोर जो हशा उसळला! एक जण सतरंजीवर आडवा झाला. नाना डोळे पुसत म्हणाले, “अरे भास्कर, स्कॉटलंडात बी आपलाच हेडमास्तर शिकवाले जातो का?” मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

भास्करनं उपरणं सोडलं. आमची तोंडं पाहिली आणि तोही हसला — मनापासून हसला. म्हणाला, “सर्दी झालीय बहुतेक.” सर्दी त्याला झालेली नव्हती.

पुढच्या रविवारी तो आला, भरपूर जेवला, गाणी म्हटली. डोळे बांधायची वेळ आली तेव्हा म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा. माझं काही खरं नाही.” मडक्याचा आग्रह गेला. सोडा परत आला. आम्ही आधी भरीत खाऊ लागलो. मजा कमी झाली का? नाही. हेच तर मला सांगायचंय. मजा तशीच राहिली आणि मी पुन्हा जाणकार झालो.

काही वर्षांनी त्याची बदली परत धुळ्याला झाली. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो होतो. धुळ्यातल्या देवपुरात त्यानं घर बांधलं होतं, मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. मला पाहून त्यानं अंगणातच मिठी मारली. घरात आवाज दिला, “बघा, माझे गुरू आलेत!” जावयानं आणलेली एक नवी बाटली त्यानं कपाटातून काढली. मी आल्यावरच उघडायची म्हणून जपून ठेवली होती म्हणे. गच्चीवर वारा सुटला होता. आम्ही नानांच्या आठवणी काढून पोट धरून हसलो. मग त्यानं दोन पेले भरले, माझ्या हातात एक दिला आणि स्वतःचा तसाच धरून माझ्या तोंडाकडे पाहत बसला.

मी घोट घेतला. मला काहीच कळलं नाही.

“उत्तम आहे,” मी म्हणालो.

मग त्यानं घोट घेतला. त्याचे ओठ क्षणभर मिटले, कपाळावर एक आठी आली आणि गेली.

“हो सर,” तो म्हणाला, “उत्तम आहे.”